बाभळीचा रंग, तिफणीचे टाके: जुन्या धोतर-लुगड्यांची वाकळ-बंडी

वाकळ, म्हणजे जुन्या कापडाच्या थरांची गोधडी, शिवणारी बाई आधी नक्षी ठरवत नाही. ती गाठोडं सोडते, कोणतं लुगडं कुठं विरलंय ते बघते आणि मग थर लावते. अंगावर घालायची बंडीही याच क्रमानं करावी. आधी कागदावर मोर काढायचा, त्याला साजेसं नवं कापड बाजारातून आणायचं आणि वर ‘पर्यावरणस्नेही’ अशी चिठ्ठी लावायची, हा क्रम उलटा आहे. त्यात जुनं कापड गाठोड्यातच राहतं.

इथं दिलेली रीत तीन थरांच्या, बिनबाह्यांच्या, हातशिलाईच्या बंडीची आहे. छाती ४० इंच धरली आहे. रंगाची मापं अर्धा किलो कोरड्या कापडाची आहेत. त्यात साधारण दोन बंड्यांचे वरचे आणि आतले थर निघतात. मधला थर रंगवायची गरज नाही, तो दिसतच नाही.

कापड

वरच्या थराला पांढरं सुती धोतर सगळ्यात चांगलं. वापरून मऊ झालेलं असतं आणि खाली दुसरा रंग नसल्यामुळे झाडाचा रंग खरा दिसतो. गडद हिरव्या किंवा मरून लुगड्यावर बाभूळ चढवायला जाऊ नका, नुसता मळका रंग येईल. तसं लुगडं आतल्या थराला घ्या आणि त्याचे काठ गोटासाठी (कडेनं लावायच्या पट्टीसाठी) उसवून ठेवा.

धोतर सुती आहे का, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. कडेचे चार धागे काढून काडीनं पेटवा. सूत जळतं, कागदासारखा वास येतो, राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र कापडाचा निम्मा भाग रंग घेतो आणि निम्मा घेत नाही, त्यामुळे ते कायम फिकट, भुरकट दिसतं.

मग कापड उजेडासमोर धरा. जिथं सूर्य आरपार दिसतो, तिथं दोन्ही अंगठे शेजारी ठेवून आडवं ओढा. फसकलं तर तो भाग मधल्या थरात. नऊवारीत बसण्याचा आणि काष्ट्याचा भाग आधी जातो, सहावारीत टाचेला घासणारी खालची कड जाते. पदर आणि कमरेत खोचलेली आतली बाजू बहुतेक वेळा धड असते. एक बंडी व्हायला लांबी ३१ इंच आणि रुंदी २६, १४, १४ इंच असे तीन तुकडे लागतात, तेही प्रत्येक थराला. धोतराच्या ४५ इंच पन्ह्यात २६ आणि १४ चा तुकडा शेजारी शेजारी बसतो.

पाणी

मराठवाड्यात रंग बिघडण्याचं पहिलं कारण बोअरचं पाणी. साबणाला फेस येत नसेल आणि भांड्याला पांढरा पापुद्रा धरत असेल, तर पाणी जड आहे. बादलीला तांबूस थर येत असेल तर त्यात लोह आहे. लोहाच्या पाण्यात झेंडूचा पिवळा शेवाळी होतो आणि मग दोष बिचाऱ्या झेंडूला दिला जातो. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी टाकीत धरून ठेवा. पहिल्या पावसाचं मात्र सोडून द्या, त्यात पत्र्यावरची धूळ असते. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणी वापरून ‘पाणी वाचवलं’ असं समजू नका. त्यात मुळातल्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते फरशीला ठीक, रंगाला नाही.

अर्ध्या किलोला सगळं मिळून ६० लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यातलं पहिल्या धुण्याचं १०-२० लिटर बोअरचं चालतं.

रंगाआधीचं काम

हे तीन टप्प्यांचं काम आहे आणि इथं घाई केलेली कुठल्याही रंगानं झाकली जात नाही.

पहिला टप्पा धुण्याचा. १० लिटर पाण्यात २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून कापड एक तास उकळा. जुन्या कापडात खळ, तेल आणि घाम मुरलेला असतो. पाणी चहासारखं पिवळं निघालं तर नवल नाही. दोनदा खळबळून घ्या. वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो लगेच पसरला पाहिजे. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर पुन्हा उकळा, नाहीतर त्याच जागी पुढे डाग पडेल.

दुसऱ्या टप्प्यात हिरडा. सूत लोकरीसारखं किंवा रेशमासारखं तुरटीला सहज धरून ठेवत नाही. त्याला आधी तुरट रसाची ओढ लावावी लागते, आणि हिरड्यात ती भरपूर असते. काष्ठौषधीच्या दुकानातून १०० ग्रॅम हिरडा पूड आणा (बाळहिरडा नको, मोठा हिरडा), लिटरभर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा आणि ८ लिटर पाण्यात मिसळा. ओलं केलेलं कापड त्यात १२ तास ठेवा, मधूनमधून उलटा. मग पिळा, धुवू नका, तसंच उन्हात वाळवा. कापड फिकट सायीच्या रंगाचं होईल. उन्हाची बाजू गडद होते म्हणून तासाभरानं पालटा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी घमेल्यात हिरडा घातला की कापडावर काळे शिंतोडे उठतात आणि ते जात नाहीत.

तिसऱ्या टप्प्यात तुरटी: ७५ ग्रॅम कुटून गरम पाण्यात विरघळवा, ८ लिटर कोमट पाण्यात घाला, कापड रात्रभर ठेवा. पिळून वाळवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. रंगात टाकण्याआधी मात्र दोन पाण्यांतून काढा. ही पायरी बरेच जण गाळतात. न चिकटलेली तुरटी रंगाच्या भांड्यात सुटते, रंग तिलाच धरून तळाशी गाळ होतो आणि कापडावर बसतो तो नुसता भुगा. असं कापड वाळल्यावर पांढऱ्या रुमालानं घासलं की रुमाल रंगतो.

बंडी शिवायचा दोराही लडी करून, सैल बांधून, या तिन्ही पाण्यांतून कापडाबरोबरच काढा. एका बंडीला १५० मीटर लागतो. जाड सुती दोराच हवा. पॉलिस्टरचा दोरा रंग घेत नाही, आणि जुन्या सुताला तो करवतीसारखा कापतो.

रंग

बाभूळ सगळ्यात भरवशाची. वखारीत किंवा आरागिरणीवर सोललेली साल पडलेली असते, तीच घ्या. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल काढली तर झाड वाळतं, आणि मग कसला निसर्गाचा आदर! साल ५०० ग्रॅम, म्हणजे कापडाइतकीच, ठेचून २४ तास भिजवा, एक तास उकळा, गाळा. १० लिटर करा. ओलं कापड सोडा, वाफा येतील पण उकळी फुटणार नाही एवढी आच एक तास ठेवा आणि त्याच पाण्यात रात्रभर निवू द्या. बदामी ते तांबूस तपकिरी रंग येतो. पऱ्हाटीची (कापसाच्या वाळलेल्या झाडांची) चूल असेल तर आच सारखी ठेवणं कठीण जातं, कारण पऱ्हाटी भडकते आणि विझते. शेवटी निखाऱ्यावर ठेवा. एप्रिल-मे महिन्यात काळं रंगवलेलं झाकणाचं पिंप पत्र्यावर तीन दिवस उन्हात ठेवलं तरी काम होतं, रंग थोडा फिका येतो इतकंच.

डाळिंबाची वाळलेली साल २५० ग्रॅम घेतली की मोहरीसारखा पिवळा मिळतो. ज्यूसवाले ती फेकूनच देतात. सालीत स्वतःचाच तुरटपणा भरपूर असल्यानं हिरडा निम्मा केला तरी चालतो.

दसरा-दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार उतरतात. ताजी फुलं १ किलो किंवा वाळलेल्या पाकळ्या २५० ग्रॅम. देठाकडचा हिरवा भाग काढायचा कंटाळा केला तर पिवळ्यात हिरवट झाक येते. कांद्याची टरफलं १५० ते २०० ग्रॅम घेतली तर सोनेरी तपकिरी, आणि ती बाजार समितीच्या आवारात पोत्यानं मिळतात.

पळस सुंदर आहे, पण खरं सांगायचं तर तो टिकत नाही. फाल्गुनात किनवट-माहूरकडचं रान किंवा अजिंठ्याचा डोंगर पेटल्यासारखा दिसतो, झाडाखाली पडलेली फुलं गोळा करून वाळवता येतात. अर्धा किलो सुकी फुलं रात्रभर भिजवून पाऊण तास मंद आचेवर ठेवली की पिवळा, चिमूटभर चुना घातला की केशरी. पण उन्हात महिना-दोन महिन्यांत उडतो. म्हणून तो आतल्या थराला. बंडी उघडली की दिसेल आणि ऊन लागणार नाही.

हळद आणि बीट वापरू नका. हळद साबणाला लागली की लाल होते आणि उन्हात उडून जाते. बीट पहिल्या धुण्यातच निघून जातं. निळा रंगही असा उकळून मिळत नाही, निळीचं पिंप लावणं हे वेगळंच शास्त्र आहे. निळा हवाच असेल तर निळ्या लुगड्याचा काठ गोटाला लावा.

उरलेल्या पाण्यात दुसरी खेप रंगते, फिकी छटा येते. ती दोऱ्याला द्या: गडद कापडावर फिका दोरा टाके उठून दाखवतो.

लोखंडाचं पाणी

बाभळीवर किंवा डाळिंबावर राखाडी, काळपट छटा हवी असेल तर हे लागतं. बैलाच्या जुन्या नाला, खिळे, मोडकी खुरपी असं गंजलेलं लोखंड १ किलो, काळा गूळ २५० ग्रॅम, पाणी ५ लिटर. मातीच्या माठात किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात घाला, तोंडाला फडकं बांधा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू धरतो. रोज ढवळा. उन्हाळ्यात १२ ते १५ दिवस, थंडीत तीन आठवडे. फेस थांबला, वास आंबूस झाला आणि पाणी गडद झालं की गाळून घ्या. एवढा वेळ नसेल तर १० ग्रॅम हिराकस (लोहाचा तयार क्षार) ८ लिटर पाण्यात.

इथं जपून राहायचं, आणि जुन्या कापडाला तर जास्तच. लोह सुताला खातं. आज दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी कापड काळ्या भागातच फाटायला लागतं. म्हणून हिराकस कापडाच्या वजनाच्या २ टक्क्यांवर नेऊ नका. माठातलं पाणी असेल तर आधी चिंधीवर बघत थोडं थोडं मिसळा. ५ ते १० मिनिटं सतत हलवत बुडवा आणि लगेच धुवा. धुतल्यावर छटा अजून थोडी गडद होते, हे लक्षात ठेवून हवी त्यापेक्षा एक पाऊल आधी थांबा. हात मोज्यात, भांडं वेगळं, मुलांपासून दूर. हिरड्याचं आणि बाभळीचं उरलेलं पाणी झाडाला घालता येतं. लोखंडाचं आणि तुरटीचं पाणी विहिरीजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नका.

थर आणि टाके

तिन्ही थर ओले करून, फरशीवर पसरून, हातानं सुरकुत्या काढून एकावर एक घाला. तिन्हींचा ताणा (कापडाच्या लांबीतले धागे) उभा ठेवा. एक थर आडवा गेला तर धुतल्यावर तो वेगळा आटतो आणि पाठ वाकडी होते. मधल्या थरात तुकडे असतील तर कडेला कड भिडवा, एकावर एक चढवू नका. तिथं सुई अडते आणि बाहेरून वळ दिसतो. फसकलेला तुकडा खांद्याखाली येऊ देऊ नका, सगळा भार तिथंच असतो. वाळल्यावर मध्यापासून बाहेर चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला.

आता नक्षी. पैठणीचा मोर किंवा कोयरी विणताना बाण्यातून (आडव्या धाग्यातून) उमलते. तीच छापून किंवा भरतकाम करून वाकळीवर चिकटवली तर धड पैठणी नाही आणि वाकळही नाही. वाकळीची स्वतःची रेघ आहे ती धावदोऱ्याची, आणि शिवारात तशीच रेघ पेरणीच्या तिफणीची. तीन फणांनी पडलेले तीन तास (मातीतल्या रेघा), मग पुन्हा तीन. म्हणून पाव-पाव इंचावर तीन ओळी, मग पाऊण इंच मोकळी जागा, पुन्हा तीन ओळी. या हिशोबानं पाठीवर ६३ आणि प्रत्येक पुढच्या तुकड्यावर ३३, अशा १२९ ओळी होतात. बांधाजवळ तास वळतात तसे खिशाच्या जागी टाके वळवले तर वेगळी नक्षी लागतच नाही.

ओळी आखायला पांढरा खडू. गेरूची दोरी मारू नका, गेरू म्हणजे लोहाचीच माती, ती धुण्यात जात नाही.

सुरुवात कुठून करायची हा खरा मुद्दा. अंथरायची वाकळ कडेपासून आत, फेऱ्या घेत शिवतात. त्यात उरलेला ढिलेपणा मध्ये गोळा होतो. वाकळीवर झोपणाऱ्याला तो मऊच लागतो. बंडीच्या पाठीवर मात्र तोच फुगा होऊन बसतो. म्हणून इथं मधल्या ओळीपासून सुरू करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जा. ढिलेपणा कडेला सरकतो आणि कड पुढे कापलीच जाणार आहे.

एका ओळीला ४५ इंच दोरा घ्या, एकेरी. सुई वाकळीची, पण दाभण नको, भोकं राहतात. इंचाला चार ते पाच टाके, एका वेळी तीन-चार टाके सुईवर भरून मग ओढा. ओळ संपली की गाठ मारण्याआधी अंगठा ओळीवरून उलटा फिरवून दोरा थोडा मागे सोडा. मग फुटपट्टी लावा: ३१ इंचांची ओळ ३० च्या खाली गेली असेल तर दोरा ओढला गेलाय. अशा दहा ओळी झाल्या की तुकडा पापडासारखा कुरळा होतो आणि इस्त्रीनं सरळ होत नाही, उसवावाच लागतो. 

बेतणं आणि जोडणं

टाके झालेले तुकडे साध्या पाण्यात तासभर भिजवून सावलीत वाळवा. जे आटायचं ते आता आटू द्या. मग बेता: पाठ २४ बाय २८, पुढचे दोन १२.५ बाय २८ इंच. कापायच्या रेषेच्या पाव इंच आत आधी दाट टाक्यांची एक ओळ घाला, मशीननं घातली तरी हरकत नाही. हे विसरलात तर कात्री लागताच सगळ्या ओळींची टोकं सुटतील.

खांद्याला गळ्यापासून बाहेर १ इंच उतार. मागचा गळा ७ इंच रुंद, १ इंच खोल. पुढचा गळा तिरप्या सरळ रेषेत १० इंच खाली. गोल गळा टाळा. लुगड्याचा काठ सरळ विणलेला असतो, तो गोलाईवर वळत नाही, चुण्या पडतात. गोलच हवा असेल तर उरेब (तिरपी) पट्टी कापावी लागते आणि तीत कापड वाया जातं. मुंढा (बाहीच्या जागेची गोलाई) कापायचाच नाही. वरून १० इंच मोकळे सोडा, खाली १४ इंच बाजूची शिवण, तळाला ४ इंच चिरा.

जोडताना खांद्यावर सहा थर येतात आणि तिथं दोरखंड झाल्यासारखं वाटतं. शिवणीच्या कडेतला मधला थर शिवणीपर्यंत कापून टाका, शिवण उघडून दोन्ही बाजूंना दुमडा आणि तुरपाई करा. मागच्या गळ्याची १ इंच खोल गोलाई हलकी असते, तिथं गोट किंचित ओढून धरला की बसतो. दोन इंची काठाचा गोट सगळीकडे फिरवा. बटणं-चेन नको, काठाच्याच पट्टीचे आठ इंची बंद, तीन जोड्या.

तांड्यावरच्या (बंजारा वस्तीतल्या) बाईकडून आभल्यांचा एखादा तुकडा घेऊन खिशावर लावायचा असेल तर तो सगळे टाके झाल्यावर लावा, काखेजवळ नको, आणि तो तिच्या हातचा आहे हे विकताना सांगा. हिमरूचा (औरंगाबादकडच्या सूत-रेशमी नक्षीदार कापडाचा) उरलेला तुकडा लावायचा असेल तर त्याला अस्तर द्या. हिमरूच्या मागे सुटे धागे असतात, ते बोटात आणि बांगडीत अडकतात.

विकण्यासाठी करत असाल तर टाक्यांची मजुरी नगावर ठरवू नका. एक ओळ घड्याळ लावून शिवा, १२९ नं गुणा. जो आकडा येतो तो पाहून बरेच जण गप्प होतात, पण शिवणारीचे तास तेवढेच लागतात. नगावर दर ठरवला की इंचाचे पाच टाके तीनवर येतात.

पहिली तीन धुणी वेगळी, रिठ्याच्या पाण्यात, वाळवणं सावलीत. लोखंडानं काळी केलेल्या बंडीवर लिंबाचा किंवा चिंचेचा थेंब पडला तर तिथं लगेच बदामी ठिपका उठतो. आंबट पदार्थ लोहाचा रंग सोडवतात. तो ठिपका धुऊन जात नाही, वरून एक तिफणीची ओळ घालून झाकावा लागतो. त्यासाठी त्याच भांड्यात रंगवलेला दहा मीटर दोरा गुंडाळून आतल्या खिशात ठेवा. पुढच्या वर्षीच्या बाभळीचा रंग याच्याशी जुळणार नाही.